रुग्णाने गुंगी नाकारली

तानुबाईनं गुंगीचं इंजेक्शन नाकारलं, असं तुमच्या कागदावर आहे. साफ खोटं आहे ते. आणि हे कुणा कारकुनाच्या हातून चुकून लिहिलं गेलेलं नाही. तुम्ही ते गठ्ठ्यांनी छापून घेतलंय. बाई डोंगर उतरायच्या आधी, तिनं तोंड उघडायच्या आधी, तिचा नकार तुमच्या कपाटात तयार होता. फक्त अंगठा उठायचा बाकी होता.

हॉस्पिटलचं नाव इथं लिहीत नाही. तुम्ही तिथले विश्वस्त, तुम्हाला ते माहीत आहे. मुळशी तालुक्यातलं आहे, ट्रस्टचं आहे, आणि दारातच सेवेबद्दल काहीतरी सोनेरी अक्षरांत लिहिलेलं आहे.

नलिनी तिथं दुर्बिणीच्या खोलीतली सिस्टर. मूळची औशाकडची. नवरा दयानंद हिंजवडीत एका कंपनीच्या स्टोअरला, म्हणून गेली अकरा वर्षं जांब्यात भाड्यानं राहते आणि माण-नांद्यावरून स्कूटर हाणत कामाला येते. तिच्या नेमणुकीच्या पत्रात कामं पुष्कळ लिहिलीत. खरं काम एकच: डोकं धरायचं. डॉक्टर तोंडातून दुर्बीण आत सोडतात तेव्हा माणूस उसळतो, मान वळवतो, हातानं नळी ओढायला बघतो. तेव्हा एक हात कपाळावर आणि एक हनुवटीखाली घालून त्याला कुशीवर दाबून ठेवायचं आणि बोलत राहायचं, "झालं, झालं, श्वास घ्या, झालंच आता." नलिनीनं अकरा वर्षांत किती डोकी धरली असतील, तिचं तिलाच ठाऊक नाही.

मंगळवार हा सरकारी योजनेतल्या, फुकट उपचाराच्या पेशंटांचा वार. बारा-चौदा जणं बाकावर ओळीनं बसलेली. घशात स्प्रे मारायचा, टेबलावर घ्यायचं, करायचं, उठवायचं, पुढचा. गुरुवार पैसे भरणाऱ्या पॅकेजवाल्यांचा. गुरुवारी हातात सुई लागते, इंजेक्शन जातं आणि माणूस दोन मिनिटांत गुंगीत जातो. शेजारच्या खोलीत दोन कॉट आहेत, तिथं तासाभरानं डोळे उघडतो आणि विचारतो, "कधी सुरू करणार?" दयानंदची दुर्बीण गेल्या वर्षी कर्मचाऱ्याचा नवरा म्हणून गुरुवारीच झाली. त्यानंही हेच विचारलं होतं. मग चहा पीत म्हणाला, "एवढ्यासाठी लोक बोंबा का मारतात गं?"

मंगळवारीही गुंगी देता येते. मनाई कुठंच नाही. मागच्या वर्षी एक बाई गुंगी उतरायच्या आत एकटीच निघाली आणि एसटीच्या पायरीवरून खाली पडली, तेव्हा तुम्ही पत्रक काढलंत की सोबत घरचं माणूस नसेल तर गुंगी नाही. इथवर बरोबर आहे. नियम शहाणपणाचाच आहे. पण "सोबत कोणी नाही म्हणून गुंगी दिली नाही" असं कागदावर राहिलं, तर उद्या कुणीतरी विचारणार: मग घरी निरोप का नाही धाडला? दुसऱ्या दिवशी का नाही बोलावलं? त्या प्रश्नांची उत्तरं द्यायला नकोत, म्हणून तुम्ही दुसरंच वाक्य छापलंत. रुग्णाने गुंगी नाकारली. खाली चौकट, डाव्या अंगठ्यासाठी.

आता तानुबाई.

ती धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या पाड्यावरची. साठीच्या आतबाहेर. पोटातलं आंबट वर येऊन येऊन तिची अन्ननलिका खालच्या बाजूला आकसली होती. आधी भाकरी अडकायची, मग भात, मग नुसतं पाणीसुद्धा छातीत थबकायचं. औषध एकच: दुर्बिणीतून तार सोडायची आणि तिच्यावरून एकाहून एक जाड अशा तीन नळ्या आत घालून ती जागा ताणायची. पंधरा-पंधरा दिवसांनी, असं तीन वेळा. मग माणूस जेवायला लागतो. नलिनीनं असे कितीतरी जेवायला लागलेले पाहिले होते.

तानुबाई पहिल्यांदा आली तो कार्तिकातला मंगळवार होता. तिच्या कागदावर "सोबत: नाही" असं होतं आणि खाली अंगठा उठलेला होता. नलिनीनं वाचलं आणि कागद बाजूला ठेवला. विचारलं काय? "मावशी, सहन होईल ना?"

तानुबाई म्हणाली, "व्हय."

पाड्यावरची बाई डॉक्टरासमोर दुसरं काय म्हणणार? नलिनीला हे कळत होतं. अकरा वर्षं कळत होतं.

पहिली नळी गेली तेव्हा तानुबाईचे डोळे मोठे झाले. दुसरीला तिच्या हाताला नलिनीचं मनगट लागलं आणि तिनं ते धरलं. तिसरी जाताना ती ओरडली नाही, उसळली नाही, तिनं मानसुद्धा वळवली नाही. फक्त टेबलावरून खाली थेंब थेंब गळायला लागलं. तिला लघवी झाली होती. आणि डोळ्यांतून पाणी नाही, एक टिपूस नाही. ती नलिनीकडे बघत होती, नुसती बघत होती, जत्रेत दाव्याला बांधलेलं जनावर बघतं तशी.

"वा मावशी!" डॉक्टर मनीष हातमोजे काढत म्हणाले. "शहरातली माणसं बघा, किती तमाशा करतात. सिस्टर, पुढचा घ्या."

डॉक्टर मनीष वाईट माणूस नाही. त्याला एक वाजेपर्यंत चौदा संपवायचे असतात.

नलिनीनं पान भरलं. दुखणं किती, शून्य ते दहा: तिनं सवयीनं दोन लिहिलं. सहकार्य: उत्तम. मग लुगडं भिजलेल्या तानुबाईला खोलीतल्या आयाच्या, शुभांगीमावशीच्या हवाली केलं आणि पुढच्या माणसाचं डोकं धरलं. मनगटावर चार नखं उठली होती. दयानंदनं घरी विचारलं, "मांजरानं ओरबाडलं का?" ती हो म्हणाली.

पंधरा दिवसांनी तानुबाई आली नाही.

त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाही. तेव्हा नलिनीनं कागदावरचा नंबर फिरवला. तो तिच्या भाच्याचा निघाला. नीलेश नाव, लवळ्याला कॉलेजच्या कँटीनमध्ये कामाला. मागं ताटल्यांचा खडखडाट ऐकू येत होता.

"आत्या न्हाई यायची, मॅडम."

"अरे, न येऊन कसं चालेल? अन्ननलिका परत आकसते. पहिलंसुद्धा वाया जाईल."

"गेलंच की वाया. चार दिस भात खाल्ला तिनं, आता परत प्येजेवर आली. पन ती म्हनती, मरंन हितंच, त्या बाईच्या हाताखाली न्हाई जायची."

"कुठल्या बाईच्या?"

नीलेश ताटल्यांपासून बाजूला आला. मग म्हणाला, "तुमीच का त्या, डोकं धरनाऱ्या?"

रविवारी नलिनी त्याच्या मोटरसायकलवर बसून वर गेली. धरणाच्या कडेनं रिसॉर्टांच्या पाट्या, भिंतीआड पोहायचे हौद, पोरांची गाणी. मग डांबर संपलं आणि खडी लागली. मग खडीही संपली आणि शेवटचा तुकडा चालत. खाचरांमधलं भात कापून झालं होतं, नुसते खुंट उरले होते. दयानंदला तिनं सांगितलं होतं की मैत्रिणीकडे जाते.

तानुबाई ओट्यावर बसली होती. महिन्याभरात निम्मी झालेली. पुढ्यात पेजेची वाटी, आणि ती पेजसुद्धा फडक्यातून गाळलेली. शेजारी एक म्हातारा जाळ्याची भोकं सांधत होता. तो तिचा नवरा, सावळ्या. धरणावर मासे धरतो.

"आली का," तानुबाई म्हणाली. "आता हितं येऊन धरती का डोकं?"

नीलेश हसला. बाकी कुणी हसलं नाही.

"मावशी, तुमचं बरोबर आहे," नलिनी खाली बसत म्हणाली. "पण पुढच्या वेळी तसं होणार नाही. तुम्हाला गुंगीचं इंजेक्शन देऊ. कळणारसुद्धा नाही."

"आसं इंजेक्शन असतंय?"

"असतं."

"मंग त्या दिशी का न्हाई दिलं?"

नलिनीच्या तोंडात उत्तर तयार होतं. अकरा वर्षांचं तयार. तिनं तेच दिलं. "तुमच्यासोबत कुणी नव्हतं ना, मावशी. गुंगीत माणूस एकटं घरी सोडता येत नाही."

सावळ्याच्या हातातलं जाळं थांबलं. "कोन नव्हतं? मी व्हतो की."

"तुम्ही?"

"मंग? फाटकाभायेर, जांभळीखाली. वॉचमननं आत सोडलं न्हाई, म्हनला केस पेपरवर नाव दाकव. माज्यापाशी कुटला आलाय कागूद? सकाळपासनं साडेतीनची गाडी येस्तोवर तितंच बसलो. हिला खांद्यावर घिऊन गाडीत बसवली. लुगडं वलं व्हतं हिचं. म्या इचारलं बी न्हाई का वलं हाय."

नलिनी तानुबाईकडे वळली. "मावशी, मग खिडकीवर विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. त्या पोरीनं इचारलं, संगट कोन हाय? म्या म्हनलं, घरचं हायेत, भायेर बसल्यात. ती म्हनती, नाव सांगा." तानुबाईनं पदर ओढला. "आता नाव कसं घ्यायाचं म्या? चाळीस वर्सं न्हाई घेतलं. घरचं हायेत, म्हनलं, दोनदा म्हनलं. मागची मानसं वरडाया लागली. त्या पोरीनं कायतरी दाबलं आन कागूद फुडं सारला. अंगठा म्हनली. दिला."

खिडकीवरची पोरगी म्हणजे सृष्टी. तेवीस वर्षांची, चिंचवडात वाढलेली. नवऱ्याचं नाव न घेणारी बाई तिनं कधी पाहिलेली नसणार. आणि कॉम्प्युटरला "घरचं" चालत नाही. त्याला नाव पाहिजे, नाहीतर "नाही" पाहिजे. सृष्टीनं "नाही" दाबलं. ते दाबलं की छापील कागद आपोआप बाहेर येतो.

म्हणजे एका बाईनं रीत पाळली, म्हणून तिच्या घशातून तीन नळ्या जागेपणी गेल्या. नवरा पन्नास पावलांवर बसलेला असताना.

"ओरडायचंत तरी, मावशी," नलिनी म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिलाच लाज वाटली.

"आमच्यात बाया बाळंतपनात न्हाई वरडत. तितं परक्या बाप्यापुढं वरडू?" तानुबाई तिच्याकडे तशीच बघत होती, टेबलावरून बघितलं होतं तशीच. "तुला दिसत न्हवतं? मी तुज्याकडंच बगत व्हते की. डाक्टर नळीकडं बगत व्हता. तू माज्या त्वांडाकडं बगत व्हतीस."

नलिनीनं सावळ्याकडे हात केला. मग म्हणाली, "या मंगळवारी या. यांना घेऊन या. यांचं नाव मी स्वतः लिहिते. इंजेक्शन मिळेल, माझा शब्द."

"शब्द तुजा, नरडं माजं," तानुबाई म्हणाली. पण निघताना तिनं सावळ्याला विचारलं, "मंगळवारी जाळं न्हाई ना टाकायाचं?" त्यावरून नलिनीला कळलं की ती येणार.

सोमवारी नलिनी हेमलता मॅडमकडे गेली. हेमलता मॅडम मेट्रन. तुमच्या आणि खालच्या माणसांच्या मधे ज्या बसतात, त्या.

"तिच्या सोबतीचं नाव टाकलंय मॅडम मी. पण कॉम्प्युटर तिच्या नावापुढं अजून 'गुंगी नाकारली' असंच दाखवतो."

"दाखवणारच. एकदा नाकारली की तिन्ही वेळा नाकारली. एकच केस आहे ती."

"पण तिनं नाकारलीच नव्हती."

हेमलता मॅडमनी चष्मा काढला. "नलिनी, अंगठा आहे ना? मग ते बदलायचं म्हणजे पहिला कागद चुकीचा होता असं लेखी द्यायचं. वरून विचारतील, असे किती कागद चुकीचे आहेत? आहे उत्तर तुझ्याकडे?"

"मग गुरुवारी घेऊ तिला."

"गुरुवार योजनेत बसत नाही."

"मॅडम, मंगळवारी त्या दोन कॉट रिकाम्या असतात. चादरी घालून रिकाम्या."

"तुला काय पडलंय गं एवढं?" हेमलता मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत, थकून म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बघते. वर विचारते. उद्या सकाळी पत्र मिळेल."

नलिनीनं त्या "मिळेल"वर विश्वास ठेवला. अकरा वर्षं नोकरी केलेल्या बाईनं हा शब्द ओळखायला पाहिजे होता.

मंगळवारी पहिल्या गाडीनं दोघं आली. सावळ्याच्या अंगावर धुतलेला सदरा होता. वॉचमननं या वेळी त्याला आत सोडलं, कारण कागदावर नाव होतं, सावळ्या, नलिनीच्या अक्षरात. तो दुर्बिणीच्या खोलीच्या दाराशी उकिडवा बसला. बाक रिकामा असून खालीच बसला.

पत्र आलं नव्हतं. साडेनऊला नाही, साडेदहाला नाही. नलिनी दोनदा जिना चढून गेली. हेमलता मॅडम मीटिंगमध्ये होत्या. कसली मीटिंग? रुग्णांच्या समाधानाचे फॉर्म कसे भरून घ्यावेत, याची.

अकरा वाजता तानुबाईचा नंबर आला. ती आपणहून टेबलावर चढली, आपणहून डाव्या कुशीवर वळली. शुभांगीमावशीनं तिच्या दातांमध्ये प्लॅस्टिकची कडी बसवली. तानुबाईनं हात पुढं केला, सुईसाठी.

"सर, हिला गुंगी द्यायची," नलिनी म्हणाली.

डॉक्टर मनीषनी पडद्याकडे बघितलं. "इथं तर नाकारली आहे."

"ते चुकीचं आहे. नवरा दारात बसलाय, बघा. पत्र येतंय."

"येऊ दे ना मग, मी देतो की! मला काय हौस आहे?" डॉक्टर मनीष चिडले. "पण कागदावर नाकारली असताना मी दिली आणि तिचा श्वास जरा जरी खाली गेला, तर कोण उभं राहणार? तू? अजून नऊ जण बाहेर आहेत, सिस्टर. मागच्या वेळी काही त्रास झाला नाही तिला. तूच लिहिलंयस, दोन." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "सहकार्य उत्तम. मावशी, पाच मिनिटं फक्त. सिस्टर, डोकं."

तानुबाईला सगळं कळलं. तिचा पुढं केलेला हात तसाच होता. ती नलिनीकडे बघत होती.

नलिनीनं हात मागं घेतले. "मी नाही धरणार, सर."

"काय?"

"मी डोकं धरणार नाही. पत्र येईपर्यंत थांबा, नाहीतर उद्या करा."

मग डॉक्टर मनीष म्हणाले, "शुभांगी, तू धर."

शुभांगीमावशी एक पाऊल पुढं आली आणि थांबली. पण तिच्यावर वेळ आलीच नाही. तानुबाईनं तोंडातली कडी काढली, पदरानं पुसली आणि नीट ट्रेमध्ये ठेवली. टेबलावरून उतरली. शिवी दिली असती तर नलिनीला बरं वाटलं असतं.

"अवं, चला," ती दाराकडे बघून म्हणाली.

सावळ्या उठला. "झालं? एवढ्यात?"

"झालं."

नलिनी त्यांच्या मागं फाटकापर्यंत धावली. "मावशी, मी पत्र आणते, आजच आणते, अर्धा तास थांबा." तानुबाईनं मागं वळून पाहिलं नाही. सावळ्यानं एकदा पाहिलं. दोघं जांभळीखाली बसली नाहीत, गाडीला साडेचार तास होते तरी. रस्त्याच्या कडेनं चालत सुटली, वरच्या बाजूला.

नलिनी परत आली तेव्हा कॉम्प्युटरनं नवा कागद काढून ठेवला होता. तोही छापीलच. रुग्ण स्वतःच्या इच्छेने उपचार सोडून गेला.

नलिनीनं पेन काढलं. ते वाक्य खोडलं. तानुबाईच्या फायलीतला पहिला कागद काढला, त्यावरचं "रुग्णाने गुंगी नाकारली" खोडलं आणि वर लिहिलं: "रुग्णाला विचारलेच नाही. नवरा बाहेर बसला होता. दुखणे दोन नव्हते, दहा होते. मी बघत होते." खाली पूर्ण नाव आणि सही. मग नंतरच्या पेशंटाचं डोकं धरायला गेली, कारण तो माणूस मघापासून टेबलावर पडून होता आणि त्याच्या कागदावरही तेच वाक्य होतं.

चार दिवसांनी तुमचं पत्र आलं. पत्र यायला वेळ लागतो असं नाही, हे तेव्हा समजलं. तानुबाईसाठीचं नव्हे, नलिनीसाठीचं. रुग्णाच्या अभिलेखात विनापरवाना फेरफार केल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. दयानंदनं ते दोनदा वाचलं. म्हणाला, "माफी माग आणि विषय संपव. जांब्यातलं भाडं काय तानुबाई भरणार आहे?" नंतर त्यानं पत्राची घडी घातली आणि विचारलं, "ते मांजर... ती बाई होती का?"

नलिनीनं माफी मागितली नाही. एका पानात जे घडलं ते लिहून दिलं. सध्या तिला दुर्बिणीच्या खोलीतून काढून कपडे धुण्याच्या विभागात बसवलंय. मंगळवारी डोकी धरायला दुसरी सिस्टर आहे, किमया नावाची, नवीन.

नीलेशचा फोन येतो अधूनमधून. पेज आता पाण्यासारखी करावी लागते, म्हणतो. आत्या ओट्यावरून उठत नाही. पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेऊ म्हटलं, तर ती म्हणते, तितंबी बायाच असतील, डोकं धरनाऱ्या. सावळ्या जाळं टाकतो, मासे आणतो, आणि ते ती खाऊ शकत नाही म्हणून तोही खात नाही.

खुलासा नलिनीकडे मागितलात, तिनं दिला. सात दिवसांच्या आत, सही करून. आता तुमची पाळी. तुमच्या कागदावर लिहिलंय की तानुबाईनं गुंगी नाकारली. म्हणजे तिला कुणीतरी विचारलं असणार. कुणी विचारलं? कोणत्या तारखेला, किती वाजता? ती पाड्यावरची बाई, तिला नाव घेता आलं नाही, तिची रीत आड आली. तुमच्या आड काय येतंय?

घ्या नाव.